पायदानाची उंची

राजानंद हिवाळे यांनी टेपचं टोक जमिनीवर टेकवलं, पट्टी सरळ वर ओढली आणि गाडीच्या पायदानाच्या वरच्या कडेला लावली. एकोणपन्नास सेंटिमीटर. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवला.

चिखलात अडकून आलेली माणसं असं मोजत नाहीत. ती आधी गाडीखाली वाकतात आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो जमिनीपासून किती वर आहे ते बघतात. काळ्या रानात गाडी टेकते ती त्या गोळ्यावर. पायदानाचा चिखलाशी फारसा संबंध नाही. त्याचा संबंध चढणाऱ्या माणसाशी असतो.

हे माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही. जालन्यात अंबड चौफुलीच्या पुढे आमचं वर्कशॉप आहे. ट्रकचे बसलेले पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, तापवून पुन्हा कमानीत आणायचे, हे वडिलांच्या वेळचं मूळ काम. गेल्या पाच-सहा वर्षांत पिकअप उचलून, म्हणजे जमिनीपासून उंच करून, द्यायचं काम वाढलं. आकडे मी बघते, हात पुंजाराम मिस्तरी चालवतात. गिऱ्हाइकानं टेप कुठे लावावा, हे दोघांपैकी कोणी सांगत नाही.

राजानंद वडीगोद्रीचे. एका कंपनीसाठी शेतात सौर पंप बसवून देतात. पाच एचपीच्या पंपाला नऊ पॅनल लागतात, एकेक पॅनल अठ्ठावीस किलोचं. ते घेऊन कालव्याच्या पाण्यानं भिजलेल्या रानात शिरायचं म्हणजे साधी गाडी पुरत नाही, म्हणून त्यांनी जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली होती. टायर बदलायचे आणि गाडी उचलून घ्यायची, एवढं ठरलं होतं. कोणते टायर आणि किती उचलायची, हे ठरत नव्हतं. त्यासाठी ते पाच वेळा आले.

पाचही वेळा शेजारच्या सीटवर त्यांचे सासरे होते. कडूबा मगरे. घनसावंगी तालुक्यात चाळीस वर्षं मोटारी भरल्या, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तांब्याची तार काढून नवी गुंडाळून दिली. उंची पाच फूट दोन इंच, वजन छप्पन्न किलो, सदऱ्याच्या खिशात टेस्टर. राजानंद त्यांना मामा म्हणत, ते राजानंदना जावाईबापू. दोघं एकमेकांशी इतक्या अदबीनं वागायचे की गाडीतून आधी कोण उतरणार, याचंच "तुम्ही व्हा पुढं", "न्हाई, तुम्ही व्हा" असं मिनिटभर चालायचं.

मी टायरचं सांगितलं. काळी माती ओली झाली की बारीक खाचांच्या टायरमध्ये घट्ट बसते आणि थोड्याच अंतरात टायर भाकरीच्या उंड्यासारखा गुळगुळीत होतो. मड टायरच्या खाचा रुंद असतात. फिरता फिरता चिखल बाहेर फेकला जातो. डांबरी रस्त्यावर हे टायर घोंगावतात आणि लवकर झिजतात. त्यामुळे रस्ता जास्त असेल तर मध्यम खाचांचे ऑल टेरेन, रान जास्त असेल तर मड. दुसरी गोष्ट, तो लोखंडी गोळा वर जातो फक्त मोठ्या टायरनं. पाट्यांखाली ठोकळे टाकून उचललेली गाडी उंच दिसते, पण गोळा होता तिथेच राहतो. म्हणून आधी टायर, मग उचल, तीही बेतानं.

राजानंदनी सगळं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "यातल्या कोणत्या टायरनं पायदान जास्त वर जाईल?"

त्या वेळी मामा बाहेर टायरच्या थप्पीपाशी होते. ते टायर हुंगत होते. चाळीस वर्षं जळालेल्या वार्निशच्या वासावरून मोटारीचं दुखणं ओळखलेला माणूस. रबराकडेही तो नाकानंच गेला. पाच टायर हुंगून त्यांनी एक बाजूला काढला आणि हा शिळा आहे म्हणाले. मी त्याच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचला. बाकीचे चार त्या वर्षीचे होते, तो एक तीन वर्षांपूर्वीचा. मी तो परत पाठवला आणि त्या दिवसापासून मामांच्या नाकाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पुढचं सांगताना हे ध्यानात ठेवायला हवं, कारण राजानंदचा सगळा घोटाळा मामा लबाड नसण्यातूनच झाला होता.

मामा लांब आहेत असं बघून राजानंदनी मला तो घोटाळा सांगितला. तीन वर्षांपूर्वी काम सुरू केलं तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. मामांना सगळा तालुका ओळखायचा. पहिले दहा पंप मामांच्या शब्दावर बसले. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता राजानंद मामांच्या दारात गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, चला मामा. मामा पिशवी घेऊन तयारच असायचे. पण शेतात गेलं की मामांना एखादी मोटार मरू देववत नसे. शेतकरी सहज जुनी मोटार दाखवायचा. मामा ती उघडायचे, हुंगायचे आणि सांगायचे की ही अजून दहा वर्षं जाते, मी भरून देतो. शेतकरी एकदा मोटारीकडे बघायचा, एकदा पॅनलकडे, आणि सौरचं पुढच्या साली बघू म्हणायचा. मागच्या हंगामात असे चार पंप गेले. मामांनी भरलेल्या मोटारी खरोखरच चालत होत्या, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. आता कंपनीच्या माणसानं बजावलं होतं: या हंगामात कुंभार पिंपळगावात बारा पंप झाले नाहीत, तर तालुका दुसऱ्याला देणार.

मी म्हटलं, मग येऊ नका म्हणून सांगा त्यांना.

राजानंदनी वळून पाहिलं. मामा अजून हुंगत होते.

"ताई, सासरे हायेत ते माझे," ते हळू आवाजात म्हणाले. "न्हाई कसं म्हणावं? ते सोताहून थकले पायजेत."

मामांचा उजवा गुडघा दुखतो, असं बेबीनंदाकडून, म्हणजे बायकोकडून, त्यांना कळलं होतं. पाय फार वर उचलत नाही. बेबीनंदानं बाकी मदत नाकारली होती. बाप माझा आहे, गाडी तुमची आहे, तोंडही तुमचंच वापरा, असं तिनं सांगितलं होतं.

ट्रकखाली झोपलेल्या पुंजाराम मिस्तरींनी सगळं ऐकलं होतं. ते खालूनच बोलले, "म्हंजे राजाभाऊ, गाडी चिखलातून न्हाई, सासऱ्यातून काढायची हाये."

मी विचार केला. मड टायर त्यांना लागणारच होते. दोन इंच उचलही त्या कामाला योग्य होती. हेतू काही असला तरी काम बरोबर होतं. मी हो म्हटलं.

दसऱ्याला टायर बसले. नव्या टायरचा व्यास साडेसात सेंटिमीटरनं जास्त होता, म्हणजे गाडी त्याच्या निम्म्यानं वर गेली. पायदान बावन्न पूर्णांक सात. मामांनी चारी टायरना हळदीकुंकवासारखी बोटं लावून चाचपलं, पायदानावर पाय ठेवला आणि एका दमात वर गेले. खिडकीतून म्हणाले, गाडी आता अंगानं भरली.

टायरनी त्यांचं काम चोख केलं. हवा अठरा पौंडांपर्यंत उतरवली की गाडी कसल्याही रानातून निघायची. याचा परिणाम राजानंदच्या ध्यानात आठ दिवसांनी आला. आधी निम्म्या शेतांत गाडी बांधापाशी थांबायची आणि मामा रस्त्यावर लिंबाखाली बसून राहायचे. आता ते थेट विहिरीपर्यंत पोचायला लागले. त्या पंधरवड्यात आणखी दोन पंप गेले.

दिवाळीनंतर आम्ही गाडी उचलली. पुढच्या स्प्रिंगवर जाड चकत्या, मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे, चारी शॉकअप लांब. पायदान सत्तावन्न पूर्णांक सात. त्या दिवशी मामांना वर चढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. राजानंद दुसरीकडे बघत उभे होते. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

चार दिवसांनी मामा एसटीनं एकटे आले. जावाईबापू छत्रपती संभाजीनगरला गेलेत, तेवढ्यात आलो म्हणाले. त्यांना दरवाज्याच्या खांबाला आतून धरायला एक कडी हवी होती. गाडी नसल्यामुळे त्यांनी खांबाचं माप सुतळीवर गाठी मारून आणलं होतं.

"जावाईबापूंना कळू देऊ नका ताई," ते म्हणाले. "एवढ्या हौसेनं गाडी उचलली त्यांनी. मला चढता येत न्हाई म्हणलं तर वाईट वाटंल त्यांना. पुन्हा खाली करून घेतील."

मी सुतळी मोजली. पुढे गाडीवर ताडून पाहिलं, तर गाठींमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनंही चुकलेलं नव्हतं. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा आम्ही कडी बसवली, दहा एमएमच्या दोन बोल्टवर, दोनशे किलो सहज पेलेल अशी. चढणारा माणूस पडू नये हे माझं काम आहे. ती कडी बघून राजानंदनी विचारलं, ही कोणी सांगितली? लपवणं मला जमलं नाही. मामांनी, म्हटलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

राजानंद एका जुन्या टायरवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पुंजाराम मिस्तरींनी त्यांना चहा दिला.

डिसेंबरात ते पायदानच कापून घ्यायला आले. ते चिखलात अडकतं म्हणाले. अडकत नव्हतं, मी वाकून पाहिलं होतं, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पण गाडी त्यांची होती आणि पायदान काढल्यानं गाडीला धोका नव्हता. मिस्तरींनी बोल्ट सोडवले. आता पाय ठेवायला थेट दरवाज्याचा उंबरा, एकोणऐंशी सेंटिमीटरवर. मामा बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी हाताची वीत उंबऱ्यापासून खाली लावली, दुसरी वीत लावली, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि चांगलं झालं, वजन कमी झालं, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या मागे पॅनलबरोबर एक जळालेल्या मोटारीची रिकामी बॉडी असायची. बिडाची म्हणजे ओतीव लोखंडाची, तीस सेंटिमीटर उंच, पस्तीस किलो वजनाची. मामांनी ती पायरी म्हणून आणली होती. ती उतरवायची आणि चढवायची कोणी, हा प्रश्न आला तेव्हा अर्थातच राजानंद पुढे झाले. जावयाच्या डोळ्यांदेखत सासऱ्यानं बिडाचं ओझं उचलावं, हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. म्हणजे आता प्रत्येक शेतात गाडी थांबली की सौर पंपवाला माणूस सगळ्यांत आधी एक जुनी मोटार खाली उतरवून दरवाज्यापाशी मांडायचा. शेतकरी विचारायचा, ही कशाला? मामा तिच्यावर पाय ठेवून खाली उतरायचे आणि ही कुठली, कधी जळाली, आत तार किती मापाची होती, इथून सुरुवात करायचे.

जानेवारीत थंडीनं गुडघा जास्त धरला, तेव्हा मामांनी उतरणं बंद केलं. राजानंदना वाटलं सुटलो. ते सुटले नव्हते. मामा वर सीटवरच बसून राहायचे, दार उघडं टाकून, कडीला धरून. गाडी उंच झाल्यामुळे त्यांना चार शेतं दिसायची आणि चार शेतांतल्या लोकांना ते दिसायचे. लोक मोटारी घेऊन तिथे यायचे. राजानंद सांगत होते की परवा एका ठिकाणी बैलगाडीतून तीन मोटारी आल्या. "ताई," ते म्हणाले, "मीच त्यांना स्टेज बांधून दिलं."

हे त्यांनी मला सांगितलं तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कुंभार पिंपळगावात बारा शेतकऱ्यांची बैठक होती. कंपनीचा माणूस कागद घेऊन तिथे येणार होता. सह्या झाल्या तर तालुका राजानंदचा, नाही तर गेला. गाडी आमच्या अंगणात उभी होती, मामा वर बसले होते, आणि राजानंद मला भिंतीआड नेऊन आणखी दोन इंच मागत होते. आजच्या आज.

मी नाही म्हटलं. याच्या वर गाडी उचलली तर मागे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढेल आणि त्याचा क्रॉस, म्हणजे सांधा, महिनाभरात जाईल. ब्रेकचे पाइप ताणले जातील. शिवाय नऊ पॅनल उभे लावून बांध ओलांडताना गाडीचा तोल आताच मला आवडेल त्यापेक्षा कमी राहिलेला आहे. मी त्यांना कागदावर तिरकस रेघ काढून दाखवली.

मग ते म्हणाले, निदान तुम्ही मामांना एवढं सांगा की गाडीत दोन माणसं बसली की वजन जास्त होतं. तुमचं ऐकतील. तुम्ही सायन्सवाल्या.

"मामा छप्पन्न किलोचे आहेत," मी म्हटलं. "दोन पॅनलएवढे. ही गाडी हजार किलो नेते. खोटा आकडा मी देत नाही."

"मंग काय करू?"

उत्तर पुंजाराम मिस्तरींनी दिलं. ते हात पुसत आमच्या मागेच येऊन उभे होते.

"टायर वाढवले, गाडी उचलली, पायदान कापलं. आता काय चाकं काढता का? राजाभाऊ, लोकं जीभ उचलतात आन् टाळ्याला लावतात. तुम्ही अख्खी गाडी उचलली, तेवढं एक उचलंना."

राजानंदनी रुमालानं तोंड पुसलं आणि गाडीकडे चालत गेले. मी मुद्दाम मागे गेले नाही, पण आमचं अंगण लहान आहे आणि मामांना अलीकडे थोडं मोठ्यानं बोलायची सवय लागली होती.

राजानंद दाराशी उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा मामांच्या गुडघ्याच्या रेषेत आला. जावयाला सासऱ्याकडे मान वर करून बघावं लागत होतं. त्यांनी आधी टायरमध्ये हवा किती ठेवावी याबद्दल विचारलं. मामांनी ताईंना विचारा म्हणून सांगितलं. मग उद्या थंडी जास्त आहे म्हणाले. मामा म्हणाले, मफलर घेतो. मग गुडघ्याची चौकशी झाली. गुडघा बरा होता. मग राजानंदनी कडीचा एक बोल्ट उगाच बोटानं फिरवून पाहिला. तो हलला नाही. आम्ही घट्ट बसवला होता.

"काय झालं जावाईबापू?" मामांनी विचारलं. "काही काळजी करून राह्यले का?"

न्हाई मामा, काही न्हाई, असं म्हणून राजानंद परत फिरले. चार पावलं चालले असतील.

"उद्याची काळजी करू नका," मामा मागून म्हणाले. "मी समदं बराबर केलंय. बारा जणांना काल फोन लावले. म्हणलं, बैठकीला येताना आपापल्या जुन्या मोटारी घेऊनच या. एका दिवसात समद्या बघून टाकू."

पुंजाराम मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला.

राजानंद वळले आणि चार पावलं परत आले. मोटारीची ती बिडाची बॉडी दाराशीच मांडलेली होती. ते तिच्यावर चढले. आता दोघांची तोंडं एका उंचीला आली. त्यांनी एक हात दारावर ठेवला, दुसरा कशाला तरी धरायला शोधला, आणि तो मामांच्या खांद्यावर गेला.

"मामा," ते म्हणाले, "उद्या पिंपळगावला मी एकटा जाणार हाये. तुम्ही यायचं न्हाई. उद्याबी न्हाई, आन् त्याच्या पुढंबी न्हाई."